हिस्टोग्राम की हिस्टोरिग्राम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मी कॉमर्सची शिकवणी घेतो. दरवर्षी गणपतीच्या आगेमागे संख्याशास्त्रातला आलेखांचा धडा येतो आणि तेच तेच प्रश्न परत येतात. पोरांचे येतात तसे पालकांचेही येतात, आणि एकदा तर चहाच्या गाड्यावर एका दूध संस्थेच्या सचिवांनीही विचारलं होतं. म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली.

सर, हिस्टोरिग्राम म्हणजे हिस्टोग्रामच ना? पुस्तकात छपाईची चूक असेल.

चूक नाही. दोन शब्द वेगळे, दोन आलेखही वेगळे. मधल्या एका ‘रि’वर सगळं अवलंबून आहे. हिस्टोग्राम दाखवतो की कुठली किंमत किती वेळा आली. हिस्टोरिग्राम दाखवतो की काळ पुढे सरकला तशी किंमत कशी बदलत गेली. पहिल्यात आयत असतात, एकमेकांना खेटून उभे. दुसऱ्यात बिंदू असतात, रेषेने जोडलेले.

व्याख्या पाठ आहे, पण डोक्यात बसत नाही. उदाहरण द्या.

म्हशीचं देतो. समजा तुम्ही रोज सकाळी डेअरीला म्हशीचं दूध घालता आणि पावतीवर फॅट छापून येतं. वीस दिवसांच्या पावत्या क्रमाने अशा आहेत: ६.२, ६.४, ६.३, ६.५, ६.६, ६.४, ६.७, ६.८, ६.६, ६.९, ७.०, ६.८, ७.१, ६.९, ७.२, ७.१, ७.३, ७.०, ७.२, ७.४.

आता आडव्या अक्षावर दिवस १ ते २० मांडा, उभ्या अक्षावर फॅट घ्या, बिंदू द्या आणि जोडत चला. रेषा वरखाली होत होत वर चढताना दिसेल. हा हिस्टोरिग्राम. घरात विचारलं तर कळेल की वैरणीत कडबा वाढवला होता, नुसत्या हिरव्या चाऱ्यावर म्हैस नव्हती. रेषा चढण्याचं कारण आलेख सांगत नाही, पण ते शोधायला भाग पाडतो.

त्याच वीस पावत्या घेऊन दुसरं काम करा. फॅटचे वर्ग पाडा: ६.२ ते ६.५, ६.५ ते ६.८, ६.८ ते ७.१, ७.१ ते ७.४ आणि ७.४ ते ७.७. वरच्या मर्यादेवरचा आकडा पुढच्या वर्गात टाका. वारंवारता, म्हणजे कुठल्या वर्गात किती पावत्या पडल्या, ती येते ४, ४, ६, ५ आणि १. बेरीज वीस. या वर्गांवर आयत उभे केले की झाला हिस्टोग्राम. तो सांगतो की सगळ्यात जास्त वेळा फॅट ६.८ ते ७.१ मध्ये लागलं. म्हशीचं फॅट वाढत गेलं हे मात्र त्यात कुठेच दिसत नाही.

आणि मजा इथेच आहे. शेजारच्या म्हशीच्या पावत्या बरोबर उलट्या क्रमाने आल्या, म्हणजे ७.४ पासून सुरू होऊन ६.२ पर्यंत घसरल्या, तरी तिचा हिस्टोग्राम तुमच्या म्हशीसारखाच येईल. आयतही तेच आणि उंचीही तीच. एक मालक खूश आणि दुसरा डॉक्टरला फोन करतोय, पण चित्र एकच. हिस्टोरिग्राममध्ये मात्र एक रेषा चढेल, दुसरी उतरेल.

ओळखायची एखादी सोपी खूण?

आहे. मी तिला पावत्या विस्कटण्याची कसोटी म्हणतो. सगळ्या पावत्या हातात घ्या, पत्त्यांसारख्या पिसा आणि मग आलेख काढा. चित्र जसंच्या तसं राहिलं तर तो हिस्टोग्राम. चित्राचा विचका झाला तर तो हिस्टोरिग्राम. हिस्टोग्रामला क्रमाशी देणंघेणं नाही, हिस्टोरिग्रामचा जीवच क्रमात असतो.

मराठीत यांना काय म्हणायचं?

हिस्टोग्रामला आपल्या शालेय पुस्तकांत ‘आयतालेख’ हा छान शब्द आहे. हिस्टोरिग्रामला ‘काल श्रेणी आलेख’ म्हणतात. वर्गात मी नुसतं ‘कालालेख’ म्हणतो, तोंडात बसतं. खरं तर मराठी शब्द वापरले की हा गोंधळच उरत नाही. आयतालेख आणि कालालेख यांत घोटाळा करणारं पोर मला आजवर भेटलेलं नाही. पुढे मीही हेच दोन शब्द वापरतो.

मग आयतालेख आणि स्तंभालेख यांत काय फरक? दिसायला तर सारखेच.

खांब दोन्हीकडे आहेत म्हणून ही फसगत होते. गगनबावडा, राधानगरी आणि शिरोळ इथला पाऊस दाखवायचा असेल तर तीन वेगळे खांब, मध्ये मोकळी जागा: हा स्तंभालेख. गगनबावड्याचा खांब ताडमाड होईल आणि शिरोळचा त्यापुढे ठेंगणा. तुम्ही शिरोळ आधी घेतलं काय आणि नंतर घेतलं काय, काही बिघडत नाही, कारण गावांना आपला असा क्रम नाही.

आयतालेखाच्या आडव्या अक्षावर गावं नसतात, मोजलेल्या किमती असतात. ६.५ ला एक वर्ग संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मध्ये फट राहायला जागाच नाही. म्हणून आयत चिकटलेले. स्तंभालेखात फक्त उंची वाचायची, आयतालेखात क्षेत्रफळ. या क्षेत्रफळाचं पुढे एका प्रश्नात येईल, तिथे नीट लक्ष द्या.

ही सारखी नावं ठेवली कुणी?

‘हिस्टोग्राम’ हा शब्द कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाचा. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात १८९१ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्याने तो वापरला आणि १८९५ च्या शोधनिबंधात तो छापून आला. व्युत्पत्तीबद्दल मात्र दोन मतं आहेत. बरीच पुस्तकं सांगतात की ग्रीक भाषेतल्या ‘हिस्टोस’ म्हणजे डोलकाठी किंवा उभा खांब या शब्दावरून तो आला. दुसरं मत असं की पिअर्सनच्या डोक्यात ‘हिस्टरी’च होती, कारण राजांच्या किंवा पंतप्रधानांच्या कारकिर्दी काळाच्या ठोकळ्यांनी दाखवायला हा आलेख उपयोगी पडेल, असं त्याने व्याख्यानात सांगितलं होतं.

दुसरं मत खरं धरलं तर गंमत बघा. ज्या आलेखाच्या नावात इतिहास आहे त्याला आज काळाशी काही कर्तव्य नाही, आणि काळ दाखवणाऱ्या आलेखाला ‘इतिहास’ घालून पुन्हा नवीन नाव द्यावं लागलं. पोरांचा गोंधळ झाला तर त्यांना कशाला बोलायचं?

यातला जुना कोणता?

कालालेख. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले, त्यातले बहुतेक काळानुसार काढलेल्या रेषाच होत्या. ‘हिस्टोरिग्राम’ हे नाव तेव्हा नव्हतं, वस्तू होती. वृत्तालेखही त्याचाच, १८०१ चा.

बाहेर कुठे हिस्टोरिग्राम म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. असं का?

कारण हा शब्द मुख्यतः आपल्याकडच्या कॉमर्सच्या पुस्तकांत टिकून आहे. बाकी ठिकाणी ‘टाइम सिरीज प्लॉट’ किंवा साधं ‘लाइन चार्ट’ म्हणतात. पुण्याच्या आयटी कंपनीत मुलाखतीला गेलेल्या एका विद्यार्थ्याने हिस्टोरिग्राम म्हटलं, तर समोरच्याने त्याला ‘तुम्हाला हिस्टोग्राम म्हणायचंय का’ म्हणून सुधारलं. पोरगं बिचारं गप्प बसलं. भावा, गप्प का बसलास? बरोबर तूच होतास. मात्र मुलाखतीत ‘टाइम सिरीज’ म्हणावं, पेपरात ‘हिस्टोरिग्राम’ लिहावं, हा व्यवहार.

पंचगंगेच्या पाणीपातळीचा आलेख कोणता?

पावसाळ्यात फोनवर फिरतो तो कालालेख. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, आडव्या अक्षावर तास किंवा दिवस, उभ्या अक्षावर फूट. त्यावर दोन आडव्या रेघा मारलेल्या असतात, ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी. रेषा या रेघांच्या किती जवळ आली आणि कुठल्या वेगाने आली, एवढंच लोकांना हवं असतं. जुनी माणसं शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं का, असं विचारायची, आता पोरं ‘किती फूट’ विचारतात. पण दोघांच्याही मनातला खरा प्रश्न एकच, पाणी चढतंय की उतरतंय? याचं उत्तर आयतालेख कधीच देऊ शकणार नाही. ४१ फूट हा आकडा चढत्या पाण्यातही येतो आणि उतरत्या पाण्यातही. चढत्या ४१ ला जनावरं सोडायची असतात, उतरत्या ४१ ला घर धुवायला खराटा काढायचा असतो.

मग आयतालेख इथे फुकट का? नाही. समजा तुम्हाला नदीकाठच्या रस्त्याची उंची ठरवायची आहे. तेव्हा अनेक वर्षांच्या पावसाळ्यातल्या रोजच्या पातळ्या घ्यायच्या आणि पाच-पाच फुटांचे वर्ग पाडायचे: किती दिवस पाणी २० ते २५ मध्ये होतं, किती दिवस ४० ते ४५ मध्ये. उजवीकडे शेपूट बारीक होत जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पातळी ५५ फुटांपलीकडे गेली, ते दिवस या शेपटाच्या अगदी टोकाला बसतील. एवढासा आयत, पण तो ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याची उंची सांगायची गरज नाही.

आडव्या अक्षावर वेळ असली की कालालेख, बरोबर?

नाही, इथेच हुशार पोरंही घसरतात. चाळीस जणांना रंकाळ्याला एक फेरी मारायला किती मिनिटं लागली ते मोजलं आणि ४० ते ४५ मिनिटं, ४५ ते ५० मिनिटं असे वर्ग पाडले. अक्षावर मिनिटं आहेत, तरी हा आयतालेख. मिनिटं इथे ‘मोजलेली किंमत’ आहेत, तारीख नव्हेत. घड्याळ आणि कॅलेंडर यांतला हा फरक समजा: किती वेळ लागला हे घड्याळ सांगतं, कधी घडलं हे कॅलेंडर. कालालेखाला कॅलेंडर लागतं.

एक सीमेवरचा प्रकारही आहे. दर महिन्याला किती घटना घडल्या, याचे चिकटलेले खांब काढले तर तो काळाच्या वर्गांवर काढलेला आयतालेखच होतो, आणि तो काढायला हरकत नाही. पिअर्सनच्या पंतप्रधानांची आठवण इथे येते.

वर्ग किती पाडायचे? सर म्हणतात पाच, क्लासवाले म्हणतात दहा.

१९२६ मध्ये स्टर्जेस नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने एक सूत्र दिलं: आकड्यांच्या संख्येचा १० पायाचा लॉग घ्या, त्याला ३.३२२ ने गुणा, त्यात १ मिळवा. आपल्या वीस पावत्यांना उत्तर येतं ५.३२, म्हणजे पाच वर्ग. शंभर आकड्यांना ७.६४, म्हणजे आठ. सूत्र म्हणजे वेद नव्हे. मी सांगतो की दोन-तीन वेगळ्या रुंदीने काढून बघा. वर्ग फार थोडे घेतले तर सगळं एका ढिगात जातं, फार घेतले तर दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसतं. कालालेखाला ही डोकेदुखीच नाही, तिथे जेवढ्या नोंदी तेवढे बिंदू.

प्रश्नात वर्ग १०–१९, २०–२९ असे दिलेत. आयतांमध्ये फट सोडू का?

सोडू नका. आधी वर्ग सलग करून घ्या: ९.५–१९.५, १९.५–२९.५. मग आयत काढा.

वर्गांची रुंदी सारखी नसेल तर?

तर सावध व्हा, कारण इथे पुस्तकातली अर्धी उदाहरणं चुकीची काढलेली असतात. एका गावातल्या ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांची नोंद समजा अशी आहे: ० ते २० गुंठे ऊस असणारे ३०, २० ते ४० गुंठेवाले २४ आणि ४० ते ८० गुंठेवालेही २४. तिसऱ्या आयताची उंची दुसऱ्याएवढीच २४ घेतली तर तो दुप्पट रुंद असल्यामुळे डोळ्याला दुप्पट मोठा दिसेल. गावात एकरापेक्षा जास्त ऊस असणारेच भरमसाट आहेत, असा समज होईल आणि तो खोटा.

म्हणून तिसऱ्याची उंची निम्मी घ्यायची, १२. दर वीस गुंठ्यांमागे किती शेतकरी, हे उभ्या अक्षावर लिहायचं. आता दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं क्षेत्रफळ सारखं येतं, कारण दोघांत माणसं सारखीच आहेत. आयतालेखात संख्या क्षेत्रफळात असते, ती हीच.

उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करायचा का?

आयतालेखात होय, तिथे तडजोड नाही. बुडखा छाटला की क्षेत्रफळ खोटं बोलायला लागतं. आडव्या अक्षावर मात्र पहिला वर्ग शून्यापासून लांब असेल तर अक्षसंकोच चिन्ह, म्हणजे ती वाकडी खूण, घालायची. बोर्डाच्या पेपरात ती विसरू नका.

कालालेखात उभा अक्ष मधूनच सुरू केला तरी चालतो. समजा सौद्यात गुळाचा क्विंटलचा दर महिनाभर ४,००० ते ४,४०० च्या मध्ये फिरतोय. शून्यापासून अक्ष घेतला तर रेषा सपाट दिसेल आणि अडत्या म्हणेल, काही घडलंच नाही. गुऱ्हाळवाल्याला विचारा काय घडलं ते. अशा वेळी ३,८०० पासून अक्ष सुरू करायचा, पण तसं केल्याची खूण ठळक दाखवायची. खूण लपवली की तोच आलेख शंभर रुपयांच्या घसरणीला कडेलोट करून दाखवतो, आणि असं मुद्दाम करणारे पुष्कळ आहेत.

वारंवारता बहुभुजही रेषांचाच असतो. तो कालालेख नाही का?

नाही. तो आयतालेखाचा भाऊ. आयतांच्या माथ्याचे मध्यबिंदू, म्हणजे वर्गमध्यांवरचे बिंदू, जोडायचे आणि दोन्ही टोकांना एकेक रिकामा वर्ग मानून रेषा खाली अक्षावर आणून टेकवायची. दोन्ही पाय जमिनीवर असतील तर बहुधा बहुभुज. कालालेखाची रेषा जिथे नोंद संपते तिथे हवेतच थांबते, कारण उद्याची पावती अजून यायची असते.

एक्सेलमध्ये कसं काढायचं?

एक्सेल २०१६ पासून हिस्टोग्राम तयार मिळतो, इन्सर्टमध्ये चार्टच्या गटात. हिस्टोरिग्राम नावाचं बटण नाही, तिथे ‘लाइन’ निवडा आणि पहिल्या रकान्यात तारखा ठेवा.

एक खोच सांगतो, कारण यावरून माझ्याशी एक विद्यार्थिनी अर्धा तास भांडली होती आणि बरोबर तीच होती. एक्सेल वरच्या मर्यादेवरचा आकडा त्याच वर्गात ठेवतं, आपण पुढच्या वर्गात ढकलतो. ६.२ पासून ०.३ रुंदीने आपल्या पावत्या एक्सेलच्या पद्धतीने मोजल्या तर ५, ५, ६, ४ असे चारच आयत येतात. हातानं केलं तेव्हा ४, ४, ६, ५, १ होते. दोन्ही बरोबर, नियम वेगळा. पेपरात मात्र आपलाच नियम.

फोनच्या कॅमेऱ्यात ‘हिस्टोग्राम’ दिसतो तो हाच?

हाच. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, साधारण ० ते २५५ पर्यंत उजेडाच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर किती पिक्सेल. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला असेल तर फोटोतला पांढरा भाग जळालाय. पिक्सेल फोटोत कुठे आहेत हे त्यातून कळत नाही. पावत्या विस्कटल्या तरी चित्र तेच, आठवतंय ना?

परीक्षेत घाईत गडबड होऊ नये म्हणून काय करू?

माझी स्वतःची झालेली आहे. कॉलेजात असताना प्रश्न होता हिस्टोरिग्रामचा, दहा वर्षांचं उत्पादन दिलं होतं. मी झोकात दहा चिकटलेले आयत काढले, रंगही भरले. पूर्ण मार्क गेले. तेव्हापासून मी आधी सारणीचा डावा रकाना वाचतो. तिथे वर्ष, महिना, तारीख असेल तर बिंदू आणि रेषा. तिथे ‘० ते १०, १० ते २०’ असेल आणि उजवीकडे वारंवारता, तर आयत. प्रश्नातला शब्द दुसऱ्यांदा वाचायचा, तोही बोट ठेवून.

दोन्ही एकाच कागदावर काढता येतात का?

येतात, आणि मला तर तेच सगळ्यात आवडतं. डावीकडे फॅटचा कालालेख काढा, उभ्या अक्षावर ६.२ ते ७.७. त्याच उभ्या अक्षाला धरून कागदाच्या उजव्या कडेला आयतालेख आडवा पाडा, म्हणजे आयत डावीकडून उजवीकडे लोळतील. डावीकडचा प्रत्येक बिंदू सरळ उजवीकडे ढकलत नेला की तो आपापल्या आयतात जाऊन पडतो. वीस बिंदू ढकलून झाले की उजवीकडे वरून खाली १, ५, ६, ४, ४ असे आयत भरतात. फळ्यावर हे करताना वरच्या वर्गात एकटाच बिंदू गेला की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, ‘सर, ही ७.४ वाली पावती कुठल्या दिवसाची?’ उजवीकडे बघून सांगता येत नाही. डावीकडे बघितलं की कळतं, विसाव्या.